धर्माचा रकाना ज्याचा त्याला भरू द्या

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : २०२७ च्या जनगणनेतील धर्माचा प्रश्न

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका होते. त्यामुळे १९९१ पासून २०११ पर्यंतच्या प्रत्येक जनगणनेला प्रगणक म्हणून दारोदार फिरले. २०२१ ची झालीच नाही आणि मधल्या काळात मी निवृत्त झाले. आता फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी सुरू होईल तेव्हा विचारणारी दुसरी कुणी असेल आणि सांगणारी मी. वय, शिक्षण, मातृभाषा, कामधंदा यांची उत्तरं तयार आहेत. या खेपेला जातही विचारणार आहेत, त्याचंही उत्तर आहे. अडतं ते धर्मापाशी.

घोळ माझा आहे हे मान्य. पण तो निस्तरताना दोन गोष्टी अशा सापडल्या की ज्या तुमच्या कार्यालयातूनच दुरुस्त होऊ शकतात, म्हणून हे उघड पत्र.

आधी तो रकाना गावात भरतो कसा ते सांगते. २०११ च्या कुटुंब पत्रकात धर्माचा प्रश्न सातवा होता. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, पुढे शीख, बौद्ध, जैन, असे सहा आकडे. या सहांत न बसणाऱ्याच्या धर्माचं नाव पुरतं लिहायचं आणि आकड्याची चौकट मोकळी ठेवायची. समोरचा सांगेल तेच लिहा, धर्म नाही म्हणाला तर तसं लिहा, असं सूचना-पुस्तिकेत स्वच्छ होतं. पण पुस्तिका प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये वाचली जाते आणि पत्रक भर दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर बसून भरलं जातं. प्रगणक दारावरची पाटी वाचतो, आतल्या भिंतीवरची तसबीर बघतो आणि त्याचा हात विचारण्याआधीच आकड्याकडे जातो. विचारलंच तर कुटुंबप्रमुखाला. "आणि बाकीच्यांचा?" असं पुढे विचारून बघा. तो असा बघतो की जणू आपण त्याच्या बायकोला दुसरं आडनाव आहे का विचारलं.

आता आमच्या घरची हकिकत. २०११ च्या फेब्रुवारीत मी माझ्या गटात लोकांची घरं मोजत होते, त्याच दुपारी आमचं घर दुसऱ्या शाळेतल्या एका गुरुजींनी मोजलं. दारात होते माझे यजमान. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांनी नोकरी केली. तरुणपणापासून पक्के नास्तिक, अंधश्रद्धेविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात पुढे. धर्माचा प्रश्न आल्यावर त्यांनी सांगितलं, "निधर्मी. सगळे लिहा." सगळ्यांत मी होते, मुलगी होती आणि माझ्या सासूबाई होत्या. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या निर्जळी, चातुर्मासात कांदा-लसूण घरातल्या कुणाला चालला तरी त्यांच्या ताटात नाही. संध्याकाळी हे कळल्यावर त्या आधी गप्प बसल्या. मग विचारलं, "म्हंजे मी धरम सोडला?"

"नाही गं आई, तो नुसता सरकारी कागद आहे."

"कागद आसंना का. मला इचारायचं तरी."

यजमानांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. माणूस सरळ आहे. पण आयुष्यभर ज्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं की जन्मानं मिळालेला धर्म माणसावर लादू नका, त्यांनी स्वतःच्या आईवर निधर्मीपणा लादला आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही, कारण पत्रकानं तो अधिकार त्यांना कुटुंबप्रमुख म्हणून आयता दिला होता. शेजारच्या घरात अगदी हेच उलट्या दिशेनं होत असणार. तिथं एखादी सून किंवा कॉलेजातला पोरगा मनातून काही मानत नसेल आणि बाप दारात उभा राहून सगळ्यांचा एकच आकडा सांगत असेल.

गंमत अशी की १९४८ चा जनगणना कायदा बायकांचा मान राखायला विसरलेला नाही. त्याच्या आठव्या कलमात सोय आहे की रूढीनं नवऱ्याचं नाव घेता येत नसेल तर बाईला ते सांगायची सक्ती नाही. म्हणजे नवऱ्याचं नाव मी सांगितलं नाही तरी चालतं. माझा धर्म मात्र नवऱ्यानं सांगितलेला चालतो.

तर पहिली मागणी ही. प्रत्येक सज्ञान माणसाला धर्माचा प्रश्न वेगळा विचारा. घरात नसेल तर परतीच्या फेरीत विचारा. स्वयंगणना, म्हणजे आपली माहिती आपणच ऑनलाइन भरणं, करणाऱ्यांसाठी तर ही अडचण वाढणार आहे, कारण घरातला एक जण एका मोबाइल नंबरवरून सगळ्यांचं भरून टाकणार आणि ओटीपी ज्याच्या खिशात त्याचाच धर्म घरावर चढणार. निदान त्या पडद्यावर एवढी ओळ तरी येऊ द्या : "या व्यक्तीला तुम्ही विचारलं का?"

मला कुणी विचारलं असतं तर २०११ मध्ये मी काय सांगितलं असतं, यावर मी नंतर बराच विचार केला. यजमानांनी माझ्या वतीनं दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं कदाचित. पण ते माझं होतं का?

माझं माहेर फलटणच्या बाजूचं, वडील माळकरी. लग्न करून लोणंदला आले ती देवघर नसलेल्या घरात, कारण सासूबाईंचा विठ्ठल त्यांच्या खोलीत एका फळीवर होता आणि बाकीचं घर यजमानांचं होतं. मला ते जाचलं नाही, उलट हलकं वाटलं. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं संपलं. उपास सुटले. कुणाला ताप आला की दृष्ट काढायच्या आधी डॉक्टरकडे जायचं हे घरात ठरून गेलं. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा आख्खा गाव चमचा-वाटी घेऊन रांगेत होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात खडूच्या तुकड्यालाही दूध पाजून दाखवलं, पोरांना पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावलं. जळता कापूर जिभेवर ठेवायचा, पाण्याचे थेंब टाकून दिवा पेटवायचा, असले बाबालोकांचे प्रयोग यजमानांनी शिकवले होते, ते शाळेत करून दाखवायचे. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी छाती काढून नास्तिक म्हटलं असतं.

पण लग्नानंतर मी नवऱ्याचं आडनाव लावलं तशी त्याची नास्तिकताही लावली, असं तर नाही ना, हा प्रश्न मला सासूबाईंच्या त्या एका वाक्यानं दिला. माहेरी होते तर वडिलांचा विठ्ठल, सासरी आले तर नवऱ्याचा निरीश्वरवाद. दोन्ही वेळा मी मनापासून मानलं आणि दोन्ही वेळा ते मला दाराच्या चौकटीसकट मिळालं. लहानपणी मिळालेल्या श्रद्धेकडे संशयानं बघायला आम्ही मुलांना शिकवतो. मग पंचविशीत मिळालेल्या अश्रद्धेला ती परीक्षा का माफ?

म्हणून मी ती परीक्षा देऊन बघितली. काय मानत नाही याची यादी सोपी निघाली. आपली प्रार्थना कुणी ऐकतं आणि त्यानुसार पाऊस, निकाल किंवा रक्ताचा अहवाल बदलतो, हे मी मानत नाही. ग्रह, मुहूर्त, मागच्या जन्माचं पाप, हे नाही. कुठलंही पुस्तक वरून आलं हे नाही. ही यादी मी आजही डोळे मिटून सही करून देईन.

यादीच्या पुढे मात्र चिखल आहे. ज्ञानोबांची पालखी दर वर्षी नीरेत पादुकांचं स्नान होऊन आमच्या लोणंदला मुक्कामाला येते. दिंड्या यायला लागल्या की माझं चित्त घरात राहत नाही. पिठलं-भाकरी, पाणी, पाय शेकायला गरम पाणी, हे सगळं गाव करतं, आम्हीही करतो. यजमान नळ सोडून उभे राहतात आणि ही निव्वळ माणुसकी आहे असं सांगतात. त्यांच्यापुरतं ते खरंही असेल. मी मात्र चांदोबाच्या लिंबापर्यंत चालत जाते, रिंगणात घोडा धावला की अंगावर काटा येतो आणि हरिपाठाच्या ओळी तोंडात येतात त्या मी अडवत नाही. विठ्ठल ऐकतोय असं मला वाटत नाही. तरीही ही नुसती माणुसकी नाही आणि नुसती सवयही नाही. माणुसकीसाठी मी रक्तदान शिबिरात जाते, तिथं काटा येत नाही.

मध्यंतरी नात डेंग्यूनं आजारी होती, प्लेटलेट घसरत होत्या, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्या तोंडून "पांडुरंगा" निघालं. माहेरच्या मंडळींनी ते धरून ठेवलं : बघ, शेवटी आठवलाच. हा युक्तिवाद मला पटत नाही. घाबरल्यावर निघालेली हाक हा देवाचा पुरावा असेल, तर घाबरून बोललेला नवस आणि घाबरून बांधलेला गंडाही पुरावाच म्हणावा लागेल, आणि ते खोटे आहेत हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. पण याच युक्तिवादाची दुसरी बाजू मला अजून टोचते. भीतीत निघालेला शब्द खोटा, आणि घरी पंख्याखाली बसून मांडलेला तर्क तेवढा खरा, असं का? दोन्ही वेळी मीच होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि यजमानांकडे आहे, म्हणून मी ते त्यांना विचारत नाही.

माझ्यासारख्यांना वाटतं की आपण एकटेच मधे लोंबकळतोय. महाराष्ट्रात तरी तसं नाही. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, भट-भिक्षुकाची मध्यस्थी झुगारली, पण निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानला. आगरकरांनी तोही मानला नाही, आणि पुणेकरांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धर्म सोडून धर्मच घेतला, पण असा की ज्यात देवाला जागा नाही. आमच्या साताऱ्याचे डॉ. दाभोलकर सांगायचे की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध शोषणाला आहे, देवाधर्माला नाही, उपासनेचं स्वातंत्र्य संविधानानं दिलं आहे. त्यांच्याच व्यासपीठावर बसून डॉ. श्रीराम लागू म्हणायचे की श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा फरकच नाही. दोघे गावोगाव एकत्र हिंडले आणि असहमत राहिले. ही सगळी माणसं एका वाड्यात राहत असती आणि तुमचा प्रगणक दुपारी दारात आला असता, तर त्यानं कुणाला कुठला आकडा दिला असता?

यातून मला एक गोष्ट कळली, ती तुमच्या तक्त्यांना अजून कळलेली दिसत नाही. देव मानणं वेगळं आणि धर्मात असणं वेगळं. मुंबई उच्च न्यायालयात २०१४ साली एक खटला निकाली निघाला. तिघांना राजपत्रात आपली नोंद 'धर्म नाही' अशी करून हवी होती, सरकारी मुद्रणालयानं नकार दिला. न्या. अभय ओक आणि न्या. अ. श. चांदूरकर यांच्या खंडपीठानं निकाल दिला की संविधानाच्या पंचविसाव्या कलमातलं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य म्हणजे मी कुठल्याच धर्माचा नाही असं म्हणण्याचंही स्वातंत्र्य, आणि धर्म सांगायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही. वर्तमानपत्रं वाचून आमच्या घरी पेढे आणले गेले. नंतर नीट वाचलं तेव्हा समजलं की ते तिघे नास्तिक नव्हतेच. येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त कुठल्याही धर्माचं लेबल नको होतं. पेढे खाऊन झाले होते. उलटा दाखलाही आहे. प्यू या अमेरिकी संस्थेनं २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांची पाहणी केली. ९७ टक्के लोकांनी देव मानतो म्हणून सांगितलं, पण बौद्धांपैकी एक तृतीयांश म्हणाले की आम्ही देव मानत नाही. म्हणजे देव आहे आणि धर्म नाही असे लोक आहेत, धर्म आहे आणि देव नाही असे तर लाखोंनी आहेत. मग माझ्यासारखी बाई, जिला देव नाही पण पालखी आहे, ती काही फार विचित्र नसावी.

आता दुसरी मागणी. २०११ चे धर्मवार आकडे २०१५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. १२१ कोटी लोकांत २८ लाख ६७ हजार लोक 'धर्म सांगितला नाही' या ओळीत आहेत. आमचं घर यातच असणार, कारण ज्यांनी धर्म नाही म्हणून लिहून दिलं त्यांना वेगळी ओळच नाही. अहो, आम्ही सांगितला होता! निदान यजमानांनी तरी ठणकावून सांगितला होता. जो उत्तर देत नाही, जो दार उघडत नाही आणि जो विचार करून 'कुठलाच नाही' म्हणतो, हे सगळे तुम्ही एका पोत्यात भरले. आणि ज्यांनी 'नास्तिक' हा शब्द वापरला त्या सुमारे ३३ हजारांना कुठे ठेवलं? 'इतर धर्म आणि पंथ' या यादीत. त्यातले साडेनऊ हजारांवर आपल्या महाराष्ट्रातले. म्हणजे धर्म नाही म्हणणारा गप्प बसला असं धरलं, आणि देव नाही म्हणणाऱ्याला एक धर्म बहाल केला. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, इतकी कल्पकता कुठल्याच कार्यालयात नसते.

ही अडचण आमच्यासारख्या मूठभरांची नाही. त्याच 'इतर'मध्ये सरना, म्हणजे झारखंडकडच्या आदिवासींचा निसर्गपूजक धर्म, लिहिणारे ४९ लाखांवर आहेत. स्वतःचा आकडा असलेले जैन साडेचव्वेचाळीस लाख. झारखंडच्या विधानसभेनं २०२० च्या नोव्हेंबरात सरनासाठी वेगळा रकाना मागणारा ठराव एकमतानं केला. गडचिरोली-चंद्रपूरकडचे गोंडही आपला धर्म गोंडी म्हणून लिहितात. माणसांना चौकटीत कोंबायची ही खोड जुनी आहे. १९११ च्या जनगणनेच्या वेळी तुमच्या खुर्चीत गेट नावाचे साहेब होते. खरे हिंदू कोण हे ठरवायला त्यांनी ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व मानतात का, वेद मानतात का, देवळात प्रवेश आहे का, असल्या कसोट्या प्रांतोप्रांती पाठवल्या. त्याच वर्षी मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यांनी गुजरातेतल्या काही जमातींना, ज्या दोन्हीकडच्या रीती पाळत होत्या, सरळ 'हिंदू-मुसलमान' असं नोंदवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही, कुठल्या तरी एका बाजूला टाकायला हवं होतं असा त्यांचा सूर होता. मला तो मुंबईचा अधिकारी आवडतो. त्यानं जे दिसलं ते लिहिलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे आणि उत्तरांत 'धर्म नाही' हा पर्याय सर्वांत वर छापलेला असतो. २०२१ मध्ये तो ३७.२ टक्के लोकांनी निवडला. आपल्याकडे तो आकडा एक टक्काही होणार नाही, न होवो. मला संख्या वाढवायची नाही. यजमानांचे मित्र म्हणतात की सगळ्या पुरोगाम्यांनी ठरवून 'निधर्मी' लिहावं, म्हणजे आपली ताकद दिसेल. ही मोजणी आहे, निवडणूक नाही. दुसऱ्या बाजूला काहींना वाटतं की हा रकानाच काढून टाका. तेही नको. सच्चर समितीनं २००६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षण-रोजगाराची जी स्थिती मांडली ती जनगणनेच्या आकड्यांवाचून दिसली नसती. न मोजल्यानं कुणाचं दारिद्र्य कमी होत नाही. रकाना ठेवा. त्यात फक्त 'धर्म नाही' ला आकडा द्या आणि तक्त्यात त्याची ओळ वेगळी छापा.

इथं मला एका सहकाऱ्याबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर हे पत्र फार आरामात बसून लिहिल्यासारखं होईल. आमच्याच केंद्रातले हे गुरुजी बौद्ध घरातले, आणि देव, आत्मा, पुनर्जन्म यातलं काही न मानण्यात यजमानांच्याही पुढे. त्यांना मी एकदा म्हटलं, तुम्ही का नाही निधर्मी लिहीत? ते हसले. "बाई, तुमचं निधर्मी फुकटात पडतं." मग त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जात हिंदूंपुरतीच होती. १९५६ मध्ये शीख आले. बौद्ध यायला १९९० उजाडलं. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षं त्यांच्या लोकांनी केंद्राच्या यादीबाहेर राहून बौद्ध लिहिण्याची किंमत मोजली. आजही जनगणनेत अनुसूचित जात नोंदवता येते ती हिंदू, शीख आणि बौद्ध या तिघांतच. त्यांनी 'धर्म नाही' लिहिलं तर त्यांची जात मोजणीतून गळते, व्यवहारातून मात्र गळत नाही. घर भाड्यानं मागायला गेल्यावर मालक आडनाव विचारतो, श्रद्धा विचारत नाही. "आणि बौद्ध हे मी देवासाठी लिहितच नाही," ते म्हणाले, "ते मी काय सोडलं ते सांगायला लिहितो."

मी मराठा घरातली. माझ्या नास्तिकतेनं मला काय गमवावं लागलं, हे मी त्या दिवशी मोजून पाहिलं. माहेरच्या चार नातेवाइकांची नाराजी आणि सत्यनारायणाचा प्रसाद. हिंदू विवाह कायद्याच्या लेखी तर मी नास्तिक असले तरी हिंदूच आहे, कारण जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नाही त्या प्रत्येकाला तो कायदा लागू पडतो. वारसा, लग्न, घरभाडं, सगळीकडे मला हिंदू असण्याचे फायदे मिळत राहतात आणि वर मी निधर्मी असल्याची प्रतिष्ठाही. या वेळी तर जात सगळ्यांचीच मोजली जाणार आहे. 'धर्म नाही' लिहिणाऱ्या दलिताची जात कशी नोंदवायची याचं उत्तर प्रगणकाला लेखी मिळायला हवं, नाहीतर तो दारात उभ्या उभ्या स्वतःच ठरवेल.

किंमत फक्त कागदाची नसते, हेही आमच्या जिल्ह्याला माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. त्यानंतर काही महिने यजमान घराबाहेर पडले की मी फोन हातात घेऊन बसायचे. जनगणनेची माहिती कायद्यानं गुप्त असते, न्यायालयातही ती पुरावा म्हणून चालत नाही, हे मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलं आहे. पण ती दिल्लीत गुप्त असते. गल्लीत नसते, कारण विचारणारा प्रगणक ओळखीचा, मुलांचा शिक्षक, कुणाचा तरी भावकीतला. त्याच्यासमोर एखादी तरुण मुलगी सासऱ्याच्या देखत 'मी काही मानत नाही' म्हणेल, अशी अपेक्षा करू नका. तिला तो रकाना स्वतःच्या हातानं भरून देता यावा, एवढं तर डिजिटल पत्रकात जमावं. टॅब तिच्या हातात द्यायचा, तिनं एक बटण दाबायचं, परत घ्यायचा.

मुलीचं लग्न बौद्ध मुलाशी झालं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. तिथं कुणाला धर्म सोडावा लागत नाही. त्याआधीच्या १८७२ च्या कायद्यात मात्र 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असं एकेक करून लिहून द्यावं लागे, तेव्हा कुठे लग्न लागे. आणि आपली पहिली जनगणनाही १८७२ चीच. एकाच साली सरकारनं एका हातानं धर्म विचारला आणि दुसऱ्या हातानं नाकारून घेतला. आता त्यांच्या मुलीचा, म्हणजे डेंग्यूतून उठलेल्या नातीचा, प्रश्न आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांनी धर्माचा रकाना मोकळा ठेवला. मी आयुष्यभर ते रजिस्टर भरलेली बाई, मोकळी चौकट बघून माझा हात शिवशिवला. नातीला विचारलं तर ती म्हणते, आबांचा वेगळा, आजीचा वेगळा, मला दोन्ही पाहिजेत. आबांना तर धर्मच नाही, हे तिला अजून कळलेलं नाही. जनगणनेत तिचं उत्तर तिचे आईबाप देतील आणि ते योग्यच आहे. फक्त 'अजून ठरलेलं नाही' असं त्यांना लिहायचं असेल, तर प्रगणकानं आडनाव बघून ते भरून टाकू नये.

सासूबाई २०१६ मध्ये गेल्या. दहावा करा, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. यजमान नदीवर बसले. मंत्र म्हणाले नाहीत, पण उठलेही नाहीत. कावळा यायला दुपारचा एक वाजला. समितीतल्या काही मित्रांना ते आवडलं नाही, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. यजमान एवढंच म्हणाले की विधी तिचा होता, माझा नव्हता. सरकारी कागदावर त्या अजून निधर्मीच आहेत, तेवढं मात्र आता बदलता येणार नाही.

माझ्या उत्तराचं म्हणाल तर आज मी 'धर्म नाही' असं सांगेन. खात्री आहे म्हणून नव्हे. कायदा मला माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे उत्तर द्यायला सांगतो, आणि आजची समजूत ती आहे. पुढच्या जनगणनेपर्यंत जगले आणि समजूत बदलली तर वेगळं सांगेन, दोन जनगणनांची उत्तरं जुळवून बघायला कुणी येणार नाही अशी आशा आहे. यजमानांना मी कल्पना दिली आहे की प्रगणक आल्यावर माझ्या नावापाशी त्यांनी थांबायचं आणि मला हाक मारायची. त्यांनी विचारलं, तू मळ्यात असलीस तर? मी म्हटलं, मग त्याला चहा द्या आणि बसवून ठेवा.

प्रगणकाला तेवढा वेळ मिळेल अशी व्यवस्था आपण करावी. एका प्रगणकाकडे किती घरं द्यायची हे तुमच्याच हातात आहे.

आपली,
एक निवृत्त प्रगणक
लोणंद, ता. खंडाळा, जि. सातारा